सी लेक: हिवाळ्यातलं मिठाचं तळं आणि सोबत बाबा

मेलबर्नला आलेल्या आई-बाबांना दरवेळी समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड दाखवून आणला जातो. यंदा मी ठरवून बाबांना उलट दिशेला, उत्तर-पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरवर सी लेकला नेलं. जेमतेम सहाशे वस्तीचं गाव, चहूबाजूंना गव्हाची शेती, आणि गावाबाहेर लेक टिरेल, व्हिक्टोरिया राज्यातलं सर्वांत मोठं मिठाचं तळं. बाबांचा जन्म उरणचा, लहानपण मिठागरांच्या बांधावर गेलेलं. म्हणून हे तळं त्यांनी बघायलाच हवं होतं.

बेंडिगोनंतर रस्ता सरळ, कंटाळवाणा. विचेप्रूफला मात्र थांबा. तिथे आगगाडीचे रूळ भर बाजारपेठेतून, रस्त्याच्या मधोमध जातात. जवळच जेमतेम 43 मीटर उंचीचा ‘डोंगर’ आहे. जगातला सगळ्यांत लहान नोंदणीकृत पर्वत हाच, असं गाव अभिमानानं सांगतं. बाबा चढून आले, चपलेवर.

आता तळ्याबद्दल. जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, गेलात तर पांढरं, कोरडं मीठ आणि माश्या मिळतील. मी मागे एकदा तशीच जाऊन हिरमुसून परतले होते. पाऊस बरा झाला असेल तर हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट, चार-पाच सेंटिमीटर पाणी साचतं. वारा पडला की त्या इतक्याशा पाण्यात अख्खं आभाळ उतरतं. चिनी पर्यटकांनी हेच फोटो पसरवले आणि एका शेतकरी गावाकडे जगाची वाट वळली. तळ्याकाठी पाहायला मचाण बांधलंय, लाकडी वाट आहे. पण खरी मजा पाण्यात उतरण्यात. गमबूट हवेतच. मिठाच्या पापुद्र्याखाली काळा चिखल आहे आणि तो पाय धरून ठेवतो. गाडी तर काठाजवळही नेऊ नका.

बाबा वाकले, कडेचा एक पापुद्रा उचलून बोटांत चुरडला, जिभेवर ठेवला. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अगं, हे पिकवलेलं नाही. हे आपलं आपण आलंय.” आमच्याकडे भरतीचं पाणी कोंड्यांत, म्हणजे मिठागराच्या वाफ्यांत घ्यायचं, पायांनी तळ तुडवून घट्ट करायचा, दाणा धरला की फळीनं ओढायचं. इथे समुद्र शेकडो मैल लांब, आणि जमिनीतलं खारं पाणीच वर येऊन उन्हात सुकतं. तो पापुद्रा त्यांनी परत जागच्या जागी ठेवला.

रात्रीसाठी अमावास्या गाठा. आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला, दिव्यांच्या अवसेला गेलो. ज्येष्ठा जवळजवळ डोक्यावर होती. आपल्याकडे माथ्यावर दिसणारा अभिजित इथे उत्तरेला क्षितिजाच्या जरासा वर होता आणि खाली पाण्यातही. या तळ्याकाठी राहणाऱ्या बूरोंग या मूळनिवासी लोकांचं आकाशज्ञान विल्यम स्टॅनब्रिजनं 1857 साली लिहून ठेवलं. त्यांचा अभिजित म्हणजे नीलोआन, वाळूच्या ढिगाऱ्यात अंडी घालणारा मॅलीफाउल पक्षी. ऑक्टोबरात हा तारा संध्याकाळच्या आभाळातून दिसेनासा झाला की अंडी गोळा करायची वेळ. स्वातीचा तारा त्यांना मुंग्यांच्या अळ्या कधी मिळतील ते सांगायचा. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मृग लागला की आपण पेरायला काढतो, तसंच की.”

गावात जेवायला रॉयल हॉटेलमध्येच जा. ते बंद पडलं होतं तेव्हा गावकऱ्यांनीच पैसे उभे करून विकत घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. चार जण एकत्र बसतील अशी दुसरी जागा उरली नव्हती, म्हणून. हे कळल्यावर तिथल्या साध्या बटाट्याच्या चिप्सही मला मोलाच्या वाटल्या. शाकाहारी असाल तर आधी फोन करा. गावाकडच्या पबचं स्वयंपाकघर ठरल्या वेळेला बंद होतं, मग कुणासाठी उघडत नाही. आम्ही थेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती उपयोगी पडली. राहिलो त्या मोटेलचं नाव लिहीत नाही. हीटर रात्रभर घरघरत होता आणि खोली गार ती गारच. जास्तीचं पांघरूण गाडीत टाका.

गव्हाच्या कोठारावर 2019 साली काढलेलं भलंमोठं चित्र आहे: निलगिरीच्या फांदीला टांगलेल्या झोपाळ्यावर बसून तळ्याकडे बघणारी मुलगी. निघताना बाबांनी गाडी तिथे थांबवायला लावली. खाली उतरून मान वर करून उभे राहिले, आणि पाठीमागून धान्याचा ट्रक आला तेव्हाच बाजूला झाले.