पोटातल्या पाण्याच्या गाठी: थांबायचं, उपसायचं की कापायचं?

वहिनीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री गुहागरच्या घरात कोणी धड जेवलं नाही. त्यावरचा ‘मेसोथेलिओमा’, म्हणजे अवयवांभोवतीच्या अस्तराची गाठ, मोबाइलवर शोधला की अ‍ॅस्बेस्टॉस आणि कॅन्सरच समोर येतात. त्याच्या आधी छापलेलं ‘बिनाइन मल्टिसिस्टिक’, म्हणजे कॅन्सर नसलेली, पाण्याच्या अनेक पिशव्यांची, हे कोणी वाचलंच नव्हतं. ही गाठ वेगळी. अ‍ॅस्बेस्टॉसशी तिचा संबंध दिसलेला नाही आणि तिचा कॅन्सर होणं फारच विरळा. बहुतेकदा ती बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना होते, त्यातही पोटाचं ऑपरेशन किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) झालेल्यांना जास्त. एमआरआयच्या फिल्मवर मला सोललेले ताडगोळेच दिसले: पातळ पापुद्रा, आत पाणी.

निदान पक्कं असेल आणि दुखत नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं चालतं. ठरावीक काळाने सोनोग्राफी, ती चिपळूण-रत्नागिरीत होते. खर्च कमी, पण पोटात जरा कळ आली की जीव घाबरतो.

सुईने पाणी काढणं सगळ्यांना सोपं वाटतं, कारण संध्याकाळी माणूस घरी. वहिनीचं सुरुवातीला ‘अंडाशयाची गाठ’ म्हणून तेच केलं. चार महिन्यांत पोट पुन्हा तितकंच. मे महिन्यात विहीर उपसतो आपण, पण झरा जिवंत असला की सकाळी पाणी परत वर! वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही, अशांना तेवढ्यापुरता आराम म्हणून ठीक. टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्याही काही जण देतात. गुण कोणाला येतो, कोणाला नाही.

दुखणं रोजचं झालं असेल तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूने: दुर्बिणीतून किंवा पोट उघडून, सापडतील तेवढ्या सगळ्या गाठी काढायच्या. तरीही जवळपास निम्म्या जणींना त्या परत होतात, हे सही करण्याआधी माहीत असू द्या. मूल हवं असेल तर अंडाशय वाचणार का, हेही आधीच विचारा.

सगळ्यात मोठा मार्ग हायपेक. त्यात पोटाचं रोगट अस्तर खरवडून काढतात आणि सुमारे ४२ अंशांचं गरम केमो तास-दीड तास पोटात फिरवतात. त्यासाठी कोकणातून मोठं शहर गाठावं लागतं. मुक्काम लांबतो, खर्चही दांडगा. कॅन्सर नसलेल्या गाठीसाठी एवढं करावं का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. पुन्हा पुन्हा उलटलेल्या दुखण्यासाठी विचार करावा. पहिल्याच खेपेला कोणी सुचवलं तर मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारीन.

विचारायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या. आमची पहिली लॅब ‘कशाला हवेत?’ म्हणत होती. डब्यात घालून चिपळूणहून रात्रीच्या गाडीने नेले, तेव्हा कुठे मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टनी ते स्वतः पाहून निदान पक्कं केलं. त्यानंतर दोन वर्षांनी वहिनीला पुन्हा लिंबाएवढी गाठ दिसलीय. दुखत नाही, म्हणून सध्या फक्त सोनोग्राफी. पुढची गणपतीआधी.