जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय तुटतंय: कार्ड, डोंगल की केबल?

लॅपटॉपच्या आतलं वाय-फाय कार्ड बदलणं, यूएसबीत खोचायचं वाय-फाय डोंगल लावणं किंवा राउटरपासून सरळ केबल ओढणं, हे तिन्ही उपाय वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत, म्हणून खरेदीआधी दोष कुठे आहे ते शोधा. लॅपटॉप राउटरपासून पाच-सहा फुटांवर ठेवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग (ping), पुढे राउटरचा पत्ता (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि शेवटी डॅश टी (-t) टाइप करून ते चालू राहू द्या. राउटरकडून उत्तरं नीट येत असूनही वेबसाइट उघडत नसतील, तर वाय-फायला बोल लावू नका. बाहेरून येणारी लाइन आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) तपासा. मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी फुकटचे उपाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरच्या (म्हणजे कार्डाच्या) प्रॉपर्टीज उघडा आणि पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवायला अडॅप्टर बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. राउटर नवा असेल तर सुरक्षा 'डब्ल्यूपीए३' (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) एवढीच ठेवलेली नाही ना, ते बघा. जुनी कार्डं तिथे जोडलीच जात नाहीत. इंटेलच्या काही जुन्या ड्रायव्हरना तर वाय-फाय ६ राउटरचं नावही यादीत दिसत नाही, आणि लोक कार्ड गेलं असं समजतात. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

एवढं करूनही तुटत असेल, तर सिग्नल बघा. राउटरशेजारी बसूनही एक-दोनच रेघा दिसत असतील तर संशय अँटेनावर घ्या. कार्डापासून निघालेल्या दोन बारीक वायरी, बहुधा एक पांढरी आणि एक काळी, बिजागरीतून स्क्रीनच्या कडेला जातात. वर्षानुवर्षं झाकण उघडून-मिटून त्या आत तुटतात, किंवा त्यांची टोपी (टोकाचा कनेक्टर) कार्डावरून निसटते. स्क्रीन पुढे-मागे हलवल्यावर सिग्नल बदलला तर वायर तुटल्याची शक्यता दाट. निसटलेली टोपी बोटाने सरळ दाबून बसवता येते. वायर तुटली असेल तर नव्या कार्डावरचा खर्च वाया जाईल.

सिग्नल भरपूर आणि तरी तुटतंय, शिवाय अँटेना धड आहेत, अशा वेळी कार्ड बदलणं हा सगळ्यात नेटका उपाय. बाहेर काही लोंबत नाही, यूएसबी पोर्टही अडत नाही. पण खाचा (स्लॉट) पाहूनच घ्या. साधारण २०१३ पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपांत अर्ध्या लांबीचा मिनी पीसीआय एक्सप्रेस असतो, पुढच्यांत २२ बाय ३० मिलिमीटरचा एम डॉट २. दोन्हींच्या अँटेना-टोप्या वेगळ्या मापाच्या असतात, एकमेकींवर बसत नाहीत. मिनी खाच्यासाठी इंटेलचं 'ड्युअल बँड वायरलेस-एसी ७२६०' चांगलं. मात्र त्याच आकड्याचं 'वायरलेस-एन ७२६०' फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणून लेबल पूर्ण वाचा. एम डॉट २ साठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, पण विंडोजवर त्यांना ६४ बिटचं १० किंवा ११ लागतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ टाळा. ती नव्या इंटेल प्रोसेसरशीच जुळतात. आणखी एक मोठी अडचण: थिंकपॅड एक्स२२०, टी४२० यांसारख्या मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की '१८०२' एरर येते आणि मशीन पुढे सरकत नाही. एचपीच्या काही जुन्या मॉडेलांतही अशीच अडवणूक आहे. काम सुरू करण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा.

खाचा असा अडलेला असेल किंवा अँटेना-वायर तुटली असेल, तिथे डोंगल. नखाएवढं घेऊ नका. अँटेना इवलीशी असते आणि ते तापतं. बाहेर अँटेना असलेलं, ५ गिगाहर्ट्झ चालणारं घ्या आणि एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरवर लॅपटॉपपासून दूर ठेवा. यूएसबी ३ पोर्ट आणि हार्ड डिस्क यांतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट निघतो, शेजारी लावलेलं डोंगल त्यातच सापडतं. लिनक्स वापरत असाल तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिप शोधा, ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) मिळतो.

लॅपटॉप एकाच टेबलावर बसून असेल तर आमची पसंती सरळ केबलला. कॅट ५ई दर्जाची नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत पुरते, फक्त तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, म्हणजे 'सीसीए' लिहिलेली, घेऊ नका. जुन्या मशीनचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असू शकतो. व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन वर्गाला तेवढं पुरेसं आहे. पोर्टच मोडला असेल तर यूएसबी-इथरनेट अडॅप्टर लावा. यूएसबी २ वर पूर्ण गिगाबिट मिळणार नाही, पण कॉल मध्येच तुटायचा थांबेल.