कायम की तात्पुरते : दिव्यांगत्वाचा दाखला आणि अनुदानाची मुदत

दिव्यांगत्वात काळानुसार बदल होण्याची शक्यता नसेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क नियम, 2017 नुसार कायमस्वरूपी प्रमाणपत्र मिळते आणि पुन्हा तपासणीला जावे लागत नाही. सुधारणेची किंवा बदलाची शक्यता असेल तर मात्र प्रमाणपत्र तात्पुरते असते, त्यावर मुदत छापलेली असते आणि ती संपण्यापूर्वी फेरतपासणी करून घ्यावी लागते.

निराधारांना दरमहा आर्थिक मदत देणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते, म्हणून तात्पुरत्या प्रमाणपत्राच्या धारकाला ही तारीख विसरून चालत नाही. फेरतपासणीत 42 चे 38 टक्के झाले, तर पिवळ्या पट्ट्याचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) जाऊन 40 टक्क्यांखालील व्यक्तींसाठीचे पांढऱ्या पट्ट्याचे हाती येते आणि त्याबरोबर अनुदानाची पात्रताही जाते. औषधांचा खर्च मात्र तसाच राहतो, हे मला अन्यायाचे वाटते.

कायम प्रमाणपत्र असले तरी अनुदान आपोआप चालू राहत नाही, कारण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर मुदतीच्या किमान तीन महिने आधी रुग्णालयात अर्ज करावा आणि जुन्या प्रमाणपत्राची छायाप्रत जपून ठेवावी.