माउसचा गेम हातातल्या पडद्यावर: बोट थेट टेकवायचं की कर्सर सरकवायचा?

फोनवर स्कमव्हीएम (जुने पीसी गेम नव्या यंत्रांवर चालवणारं मोफत अ‍ॅप) टाकून जुने पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे माउसने वस्तूंवर क्लिक करत पुढे जायचे गेम खेळायला बसलं की स्पर्शाची पद्धत आधी ठरवावी लागते. थेट माउस किंवा टचपॅड, दोन्ही पर्याय सेटिंगमध्ये आहेत. अनेक जण थेट स्पर्श ठेवतात, तासाभरात वैतागतात आणि ‘हे गेम फोनवर जमत नाहीत’ म्हणून सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा चूक निवडीची असते.

उदाहरण म्हणून ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घेऊ. १९९४ चा हा गेम रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरने २००३ मध्ये मोफत केला आणि स्कमव्हीएमच्या साइटवरून तो उतरवता येतो. यात डावी क्लिक म्हणजे वस्तू निरखणं, उजवी क्लिक म्हणजे ती वापरणं. कर्सर वस्तूवर नेला की तिचं नाव दिसतं, पडद्याच्या अगदी वरच्या कडेला नेला की जवळच्या सामानाची पट्टी उघडते. म्हणजे दोन क्लिकांखेरीज माउसचं तिसरं काम उरतं: बटण न दाबता नुसतं फिरणं. टचस्क्रीनची खरी अडचण इथे आहे. बोटाला हवेत तरंगता येत नाही.

थेट स्पर्शात बोट टेकलं तिथे कर्सर. घासत नेलं तर तो मागोमाग येतो खरा, पण जे नाव वाचायचं ते बोटाखालीच झाकलेलं. शिवाय मापाचा प्रश्न. हे गेम ३२० बाय २०० पिक्सेलसाठी काढलेले. साडेसहा इंची फोन आडवा धरला तर जुन्या मॉनिटरसारखं ४:३ मध्ये ताणलेलं चित्र साधारण ९ सेंटिमीटर रुंद बसतं. म्हणजे आठ पिक्सेलची किल्ली जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची. टॅप करायची जागा सुमारे ९ मिलिमीटर असावी, असं अँड्रॉइडचं स्वतःचं मार्गदर्शन सांगतं. आणि सामानाच्या पट्टीसाठी वरच्या कडेला बोट नेलं की कधी कधी फोनची नोटिफिकेशनची पट्टीच खाली येते.

टचपॅड पद्धतीत बोट कुठेही ठेवा, कर्सर जिथे होता तिथूनच सरकतो, अगदी लॅपटॉपसारखा. एका बोटाने टॅप केलं की डावी क्लिक, दोन बोटांनी केलं की उजवी. आडव्या फोनवर चित्राच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या उरतात. अंगठा तिथे ठेवला की चित्र पूर्ण मोकळं राहतं, आणि ज्या गेममध्ये प्रत्येक कोपरा न्याहाळायचा असतो तिथे याची किंमत मोठी आहे. पहिला अर्धा तास हात अडखळतो. कर्सरचा वेग आपल्या अंगठ्याला जुळवून घेतला की मग त्रास होत नाही. घामेजल्या बोटांनी मात्र दोन बोटांचा टॅप चुकतो, म्हणून मे महिन्यात मी जवळ रुमाल ठेवतो.

थेट स्पर्श जिंकतो अशाही जागा आहेत. संभाषणातली ओळ निवडणं, पत्त्यांचे गेम, मोठ्या चौकटींचे पाळीपाळीने खेळायचे डावपेचाचे गेम, चौकट ओढून सैनिक निवडणं. बहुतेक टचपॅडवर ओढायचं म्हणजे एक टॅप करून लगेच पुन्हा बोट दाबून धरावं लागतं, आणि घाईच्या लढाईत ते सुटतं. घरातल्या लहान मुलांना किंवा माउस कधीच न धरलेल्या आजीला खेळायला द्यायचं असेल तर थेटच ठेवा.

२०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकचा, म्हणजे हातात धरून पीसीचे गेम खेळायच्या यंत्राचा विचार करत असाल तर तिथे हिशेब बदलतो. ७ इंची, १२८० बाय ८०० चा टचस्क्रीन आहेच, पण दोन्ही बाजूंना ३२.५ मिलिमीटरचे चौकोनी ट्रॅकपॅडही आहेत. डेस्कटॉप मोडमध्ये (साध्या संगणकासारखा वापरताना) उजव्या पॅडने कर्सर, मागच्या उजव्या बटणाने (आर२) डावी क्लिक, मागच्या डाव्याने (एल२) उजवी. गेममध्येही अशीच मांडणी करता येते. क्लिकला खरी बटणं असल्यामुळे ओढणं सोपं होतं, आणि नकाशा सरकवायला कर्सर कडेला टेकवून ठेवता येतो. पीसीचे स्ट्रॅटेजी गेम हेच तुमचं मुख्य खेळणं असेल तर डेक घ्या. केवळ नव्वदच्या दशकातल्या साहसी गेमसाठी एवढा खर्च करू नका, हातातला फोन पुरतो. घरी टेबलावर बसून खेळणार असाल तर अँड्रॉइडला ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरण जोडायच्या छोट्या अडॅप्टरने) साधा माउस जोडता येतो, आयपॅडलाही आयपॅडओएस १३.४ पासून माउस नीट चालतो, आणि मग हा सगळा प्रश्नच मिटतो.

खर्चाआधी एक चाचणी करा. थोडं कोडं फुटेल, पण ‘बिनीथ अ स्टील स्काय’च्या पहिल्याच दृश्यात जिन्याजवळ एक सैल दांडा आहे. तो आधी कर्सर फिरवून शोधायचा, मग उजव्या क्लिकने काढायचा. एकदा थेट स्पर्शाने काढून बघा, एकदा टचपॅडने. दुसऱ्यांदाही हात कंटाळला, तरच दुकानाकडे वळा.