वायर न कापता स्टिरिओ बसवून पाहिजे असेल तर कोल्हापुरात उद्यमनगरातल्या या दुकानात जावा

माझी 2014 ची स्विफ्ट, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं कुठंतरी अँड्रॉइड स्टिरिओ बसवला होता आणि बसवणाऱ्यानं कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) सरळ कापून वायरी पिळून वर काळी टेप मारलेली. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. एका रविवारी पहाटे जोतिबाला जायला सगळी गाडीत बसली, आई नारळाची पिशवी मांडीवर घेऊन, आणि सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. लई वाईट वाटलं त्या दिवशी.

म्हणून नवीन स्टिरिओ घ्यायचं ठरवलं आणि मित्रानं या दुकानात पाठवलं. दुकानाच्या काकांनी बॉक्स उघडायच्या आधीच सांगितलं, "मालक, गडबड करू नका, आधी आत काय करून ठेवलंय ते बघू, मशीन काय पळून जात नाही." पहिला अर्धा तास फक्त बघण्यातच गेला. किल्ली बंद करून लाल वायरीला मीटर लावला तर 12 व्होल्ट! पिवळी वायर बॅटरीची, तिला कायम करंट पाहिजेच कारण घड्याळ आणि सेटिंग तिच्यावर टिकतं, पण लाल किल्लीवर चालू-बंद व्हायला पाहिजे. आधीच्या बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळल्या होत्या, म्हणजे किल्ली काढली तरी स्टिरिओ आत जागाच आणि रात्रभर बॅटरी पितोय. दोन बॅटऱ्यांचे पैसे घातले मी यापायी.

मग दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि तुटलेल्या वायरी एकेक मोजून नवीन कपलरला सोल्डर करून वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवली. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळी पट्टी असलेली ती निगेटिव्ह, हे सगळं काकांनी पुठ्ठ्यावर लिहून मला दिलं. तरी रंगावर विश्वास ठेवला नाही, कारण आधीच्यानं काय जोडलंय कुणाला माहीत. साधा पेन्सिल सेल घेऊन स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवला आणि जाळी काढून मला दाखवलं, स्पीकरचा कोन (मधला पडदा) बाहेर आला तर प्लस-मायनस बरोबर, आत गेला तर उलटं. मागचा डावा उलटा निघाला. बेस का येत नव्हता ते तेव्हा कळलं, तीन स्पीकर बाहेर ढकलत होते आणि एक आत ओढत होता.

कंपनीचा मूळ स्टिरिओ डॅशच्या आकारातच असतो त्यामुळं डबल डिनला (बाहेर मिळणाऱ्या चौकोनी मोठ्या साइजच्या स्टिरिओला) वेगळी फ्रेम लागते, ती त्यांच्याकडं नव्हती, मागवायला दोन दिवस गेले. माणूस एकटाच आहे, त्यामुळं फोन करूनच जावा, आणि पार्किंगला जागा नाही, गाडी गल्लीतच लावायला लागते. फिटिंगचे 1200 घेतले, कपलर आणि फ्रेमचे वेगळे. बाहेर कमी घेणारे आहेत, पण ते कात्री घेऊनच येतात.

परवा चार दिवस गाडी उभी होती, कालच्या रविवारी पहाटे पहिल्याच सेल्फला चालू झाली आणि जोतिबाला जाऊन आलो.