बडी डॅडीज: बंदूक चालवणं सोपं, डबा भरणं अवघड

गेल्या आठवड्यात बायको माहेरी गेली होती, लेक तिच्यासोबत, आणि मी घरात एकटा, म्हणून बरेच दिवस लिस्टमध्ये पडून असलेली ही जपानी ॲनिमे (म्हणजे कार्टून) सिरीज एकदाची काढली. 12च एपिसोड आहेत, प्रत्येकी चोवीसेक मिनिटांचे, दोन रात्रींत संपवली. 2023 च्या जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये जपानात आलेली, पी. ए. वर्क्स स्टुडिओची. मी क्रंचीरोल ह्या ॲनिमेच्या स्ट्रीमिंग ॲपवर सबटायटल लावून बघितली.

स्टोरी अशी की काझुकी आणि रेई हे दोघे सुपारी घेऊन माणसं मारणारे, एकाच फ्लॅटमध्ये राहतात. काझुकी बोलघेवडा, बायकांच्या मागे आणि जुगारात पैसे उडवणारा, पण स्वयंपाक एक नंबर. रेई म्हणजे चोवीस तास गेम, बोलणार नाही, आणि झोपतो कुठे तर बाथटबमध्ये. ख्रिसमसला एका हॉटेलात काम चालू असताना चार वर्षांची मिरी तिथे धडकते, बाबांना शोधत एकटीच आलेली, आणि तिचा बाप म्हणजे नेमका ह्यांचं टार्गेट. तो मरतो आणि पोरगी ह्यांच्या गळ्यात पडते.

आली तेव्हा सगळे म्हणत होते की स्पाय एक्स फॅमिलीची कॉपी आहे, कारण एक गुप्तहेर पोरगी दत्तक घेतो ती ॲनिमे आधीच्याच वर्षी आलेली. मला नाही वाटत. तिथली पोरगी आन्या मन वाचते, इथली मिरी काहीही वाचत नाही, ती फक्त चार वर्षांची आहे आणि तेवढं पुरतं. आणि हत्यारबंद माणूस आणि लहान पोर ही जोडी तर जपानी लोकांची जुनीच, 1970 सालापासून एक सामुराई बाबागाडी ढकलत मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, फिरतोय.

आता खरी गोष्ट. ह्यातली मारामारी ठीकठाक आहे, बरी काढलीये पण लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते घर. दुसऱ्याच एपिसोडला पोरगी फ्लॅटचा पार उकिरडा करून ठेवते आणि काझुकीचा जो चेहरा होतो ना, तो चेहरा मी रोज संध्याकाळी आरशात बघतो. मग हिला दिवसभर ठेवायचं कुठे म्हणून पाळणाघर शोधायची धावपळ. आपल्याला वाटेल ह्यात काय एवढं, पण जपानात सरकारी यादीतल्या पाळणाघरात जागा मिळणं हे मोठंच दुखणं होतं, 2016 मध्ये एका निनावी ब्लॉगवरचा संताप थेट तिथल्या संसदेत गाजला होता. ज्याच्या हातात बंदूक आहे तो माणूस ॲडमिशनपुढे गपगार, हे बघायला मला लई मजा आली. आमच्याकडे बालवाडीच्या फॉर्मसाठी मी पहाटे साडेपाचला लाईनीत उभा होतो, त्यामुळे आपला पूर्ण पाठिंबा काझुकीला.

आणि रेई. काझुकी काही कामाने बाहेर जातो आणि पोरगी एकट्या रेईच्या अंगावर पडते तो भाग सगळ्यात भारी. ह्याला स्वतःलाच कोणी प्रेमाने वाढवलेलं नाही, बापाने लहानपणापासून फक्त मारेकरी म्हणून घडवलेला, मग हा पोरीशी बोलणार काय? पण कुठेही तो भाषण ठोकत नाही, रडत नाही, हळूहळू नुसता उठून तिचं करायला लागतो. उचियामा कोकीने आवाज असा दिलाय की एका "हं" मध्ये तीन अर्थ निघतात. मिरीचा आवाज किनो हिनाचा, सुरुवातीला कानाला टोचतो, खोटं कशाला बोलू, तिसऱ्या एपिसोडपर्यंत सवय होते.

पुढे स्पॉइलर आहे, बघायची असेल तर पुढचे दोन पॅरे सोडा.

माझं भांडण आहे मिरीच्या आईशी, म्हणजे तिच्याशी नाही, तिला लिहिणाऱ्यांशी. आधी ती पोरीला नकोच म्हणते, मग आजारी पडते, मग पोरगी परत हवी म्हणते, आता कुठे काहीतरी खरं अवघड सुरू होणार, कोणाचा हक्क, पोरीला काय हवं, आणि तेवढ्यात तिला मारून टाकतात. सुटला प्रश्न! दोन बाबांचा रस्ता मोकळा. एवढं बारीक बघून लिहिणाऱ्यांनी इथे शॉर्टकट का मारला? लेक परत आल्यावर तिने एकदा माझ्या फोनवर मिरीला बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिची मम्मी कुठंय?" मी म्हटलं ऑफिसला गेलीये.

शेवटी थेट दहा वर्षं पुढची मिरी दाखवलीये, बाबा लोक आता रेस्टॉरंट चालवतात. गोड आहे, मी गपचूप डोळे पुसले, पण मधल्या दहा वर्षांतलं थोडं दाखवलं असतं तर अजून चार एपिसोड आनंदाने बघितले असते.

पाचपैकी साडेतीन. पोरांना घेऊन बसू नका, गोळ्या आणि रक्त आहे. आणि उपाशीपोटी तर अजिबात नको, काझुकी सारखा काही ना काही बनवत असतो, मी रात्री एक वाजता उठून अंडाभुर्जी केली.