कराटे, बॉक्सिंग, जुडो की क्राव मागा? स्वसंरक्षणासाठी कुठला क्लास लावावा

क्लास लावायच्या आधी एकच गोष्ट बघा, तिथे समोरचा माणूस खरोखर विरोध करतो का. कारण कोणी खरंच अंगावर आलं की ॲड्रेनलीन असं चढतं की हात थरथरतात, नजर एकाच ठिकाणी खिळते, आजूबाजूचं ऐकू येईनासं होतं आणि बोटांची बारीक कामं जमतच नाहीत, मग मनगट अमुक कोनात पिळायचं वगैरे पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे जातं.

कराटेने तोल, ताकद, शिस्त येते हे खरंय, पण वर्षभर नुसते काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने सराव) आणि हवेतले पंच असतील तर मार बसल्यावर काय होतं हे कळतच नाही. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात दणकून मारतात, तरी स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी असते, त्यामुळे चेहरा वाचवायची सवय कच्चीच राहते.

बॉक्सिंगमधे ती सवय आधी लागते. ठोसा येताना डोळे न मिटणं, पाय हलत ठेवणं, अंतर ओळखणं हे काही महिन्यांत अंगात भिनतं. फक्त ग्लोव्ह्ज नसताना कवटीवर मूठ आपटली तर करंगळीखालचं हाड मोडू शकतं, म्हणून तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागाने मारायचा सरावही करा.

जुडो मला सगळ्यात कमी लेखलेला वाटतो. जिगोरो कानोंनी 1882 साली सुरू केला आणि त्यातली रांदोरी म्हणजे खरी झटापट, कोणी कॉलर धरली, ओढलं तर उभं कसं रहायचं ते शरीरालाच कळतं. शिवाय उकेमी, म्हणजे पडताना डोकं वाचवणं, कारण मारामारीत अनेकदा ठोशापेक्षा डोकं जमिनीवर आपटणं जास्त महागात पडतं. ब्राझिलियन जिउ जित्सू, म्हणजे जमिनीवर धरून लढायची कला, तीही जबरदस्त, 1993 साली यूएफसी या मिश्र लढतींच्या पहिल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसीने तिच्याच जोरावर आपल्यापेक्षा धिप्पाड लोकांना हरवलं, पण ते एकास एक होतं. खाली एकाला धरून बसलात आणि दुसरा लाथा घालायला आला तर? तिथे आधी पटकन उठायला शिका.

क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचा विचार मला पटतो, निकराने प्रतिकार करा आणि पळा. पण सगळं शिकवणाऱ्यावर आहे. एका दिवसात चाकू हिसकावून घ्यायला शिकवतो म्हणणाऱ्यापासून कृपा करून लांब रहा. चाकू दिसला की अंतर वाढवा, पाकीट मागितलं तर देऊन टाका.

मिरचीचा स्प्रे घेणार असाल तर तो बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवा, आणि वारा तोंडावर असेल तर तुमच्याच डोळ्यात येतो.

मला विचाराल तर जुडो किंवा बॉक्सिंग, किमान सहा महिने, आणि जोडीला अशी कार्यशाळा जिथे मोठ्याने ओरडणं, बोलून भांडण थंड करणं, बाहेर पडायचा रस्ता आधीच हेरणं शिकवतात. आणि हो, हल्ला करणारा खाली पडला की थांबा आणि निघा, कारण त्यानंतरच्या लाथेला बहुतेक ठिकाणचा कायदा स्वसंरक्षण मानत नाही. ट्रायल क्लासला गेलात की स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, बघू द्या म्हणून सांगा, नाही म्हणाले तर दुसरा क्लास शोधा.